तांदळाच्या कोठीतला तेजोमेघ

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर, डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर, एक खिळा आहे. तो मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चार वर्षांपूर्वी स्वतः स्टुलावर चढून ठोकला. भिंतीचा रंग तेव्हा नवा होता आणि माझा शब्दही.

झालं होतं असं, की ती माहेरी कुरुंदवाडला गेली असताना मी तिची तांदळाची कोठी पळवली. चांगली चार फूट उंच, जस्ताच्या पत्र्याची, लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली. आतला आंबेमोहोर मी दोन बादल्यांत, एका पाण्याच्या पिंपात आणि माझ्या जुन्या सुटकेसमध्ये सुरक्षित हलवला होता. तरी ती चिडलीच.

"ह्या कोठीचं काय करणार आहात?"

"दुर्बीण."

"आणि त्यातून काय दिसणार?"

"गुलाब."

तिनं सुटकेसमधल्या तांदळाकडे बघितलं. मग स्टूल आणलं, खिळा ठोकला आणि म्हणाली, "तुमच्या त्या गुलाबाचा फोटो चौकटीत घालून इथं लावायचा. ज्या दिवशी तो ह्या खिळ्यावर लागेल, त्या दिवशी कोठी मला परत. तोवर तांदूळ प्लॅस्टिकच्या डब्यात. आणि किडे झाले की निवडायचे तुम्ही."

मी मान्य केलं. एका हिवाळ्याचं तर काम होतं.

आता गुलाबाबद्दल थोडं सांगायला हवं. मृग नक्षत्राच्या पूर्वेला, नुसत्या डोळ्यांना जिथं काहीच दिसत नाही अशा जागी, हायड्रोजन वायूचा एक प्रचंड ढग आहे. त्याच्या पोटात काही तरुण, निळे, विलक्षण तापलेले तारे आहेत. त्यांच्या किरणांनी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडून बाहेर पडतो, थोडा भटकतो आणि पुन्हा कुठल्यातरी अणूत परत येतो. परत येऊन पायऱ्या उतरताना तो एका ठरावीक पायरीवर एका ठरावीक लाल रंगाचा किरण सोडतो. असे अगणित इलेक्ट्रॉन सतत घरी परतत असतात, म्हणून तो ढग स्वतःच लाल उजळतो. त्याला तेजोमेघ म्हणतात. हा दिसतो अगदी फुललेल्या गुलाबासारखा. पण आपल्या डोळ्याला अंधारात नेमका तोच लाल रंग दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा लागतो, तेवढाच लाल किरण आत सोडून रस्त्यावरच्या दिव्यांना बाहेर अडवणारी चाळण लागते, आणि वेळ लागतो. गुलाबाचा प्रकाश पाच हजार वर्षं चालून येतो आणि तोही कंजूषपणे, चिमूटचिमूट. थोडाच जमवला तर चित्रात नुसते दाणे दिसतात. दाणे निम्मे करायचे, तर चौपट वेळ प्रकाश गोळा करायचा.

वेळ माझ्याकडे होता. मिरजेत माझं चष्म्याचं दुकान होतं. पुढं चष्मे स्वतःच डोळ्याकडे बघून आपला नंबर बदलायला लागले, तेव्हा त्यांनी मला निवृत्त केलं. पण काच घासायचा हात गेला नव्हता. आठ इंची काचेवर काच घासत मी सात महिन्यांत आरसा तयार केला. तो कोठीच्या तळाशी बसवला. दुसरा छोटा आरसा कोठीच्या तोंडाशी मधोमध अधांतरी धरायला स्टीलच्या फूटपट्टीच्या तीन पट्ट्या कापल्या. तीन पट्ट्यांमध्ये सारखं अंतर हवं. त्या बसवायची दोन भोकं बरोबर पडली. तिसऱ्याच्या वेळी, कोठी दोन्ही हातांनी धरून उभी असलेली मंजिरी ओरडली, "तिथं नाही! तिथं पत्र्याचा जोड आहे. उद्या उसवला तर सगळा तांदूळ गळेल!"

मी भोक बोटभर बाजूला पाडलं. संसारात बोटभर इकडेतिकडे चालतं.

आणि मग एकामागून एक चार हिवाळे मी गच्चीवर काढले. संध्याकाळी सातला वर, दहाला खाली. टाकाऊ प्रिंटरच्या मोटरवर कोठी ताऱ्यांच्या मागं मागं सरकायची, मी तांबड्या दिव्यात मफलर गुंडाळून बसायचो आणि खालून मंजिरीचा तंबोरा ऐकू यायचा. ती साठीनंतर गाणं शिकायला लागली होती. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी ती विचारायची, "झालं का?" आणि मी म्हणायचो, "अजून थोडे दाणे आहेत." तिला वाटायचं, मी तांदळाबद्दल बोलतोय.

इथपर्यंत मी एक समाधानी माणूस होतो. पाचवा हिवाळा आला आणि हेमंत अष्टपुत्रेनं नभा विकत घेतलं.

हेमंत आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आणि आमच्या समोरच्याच इमारतीत राहायला आला. त्याची बायको सहा महिने पुण्याला नातवाकडे असते. आयुष्यभर धरणं बांधलेल्या माणसानं पाण्याकडे बघत बसावं की नाही? तर हा आकाशाकडे बघायला लागला. बरं, बघावं, पण काच घासून बघावं! ह्यानं दुकानातून थर्मासएवढं एक यंत्र आणलं, बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं आणि त्याला म्हणाला, "नभा, तो गुलाबाचा तेजोमेघ दाखव." दोन मिनिटांत चित्र तयार. समोर महापालिकेचा दिवा ढणढण जळतोय, खाली पाणीपुरीची गाडी लागलीय, आणि ह्याच्या हातात गुलाब.

संक्रांतीच्या दिवशी तो तिळगूळ घेऊन आला. दुसऱ्या हातात चौकट होती.

"वहिनी, तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि हे तुम्हाला. हा जव्या सतत गुलाब गुलाब करत असतो, म्हटलं बघू तरी काय आहे."

मी चित्र बघितलं. पाकळ्यांच्या कडा, मधली पोकळी, त्यातले निळे तारे, पाकळ्यांवरच्या धुळीच्या काळ्या रेघा. बाहेरचा विरत जाणारा लाल पदर, जो पकडायला मी दोन हिवाळे घातले होते, तोसुद्धा! माझ्या पोटात काहीतरी लाल उजळलं. त्याला कुठलीही चाळण अडवू शकली नसती.

"कसं आहे?" हेमंतनं विचारलं.

तोंडात तिळगूळ होता, म्हणून गोड बोललो. "रंग जरा भडक आहे."

मी गिळेपर्यंत मंजिरी स्टुलावर चढली होती. चौकट खिळ्यावर लागली. माझ्या खिळ्यावर!

"अगं, तो खिळा—"

"चार वर्षं रिकामा आहे, त्याला गंज चढतोय," मंजिरी म्हणाली. "घाबरू नका. कोठीचा सौदा तुमच्या चित्राचा आहे. हे हेमंतभावजींचं आहे. कोठी राहू द्या तुमच्याकडे."

हेमंतला सौद्याची गोष्ट सांगण्यात आली. तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. ते मीच आणून दिलं. कोमट दिलं.

त्यानंतरचा पंधरवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. सकाळी उठून पहिलं काम, चौकटीला एक बोट लावून ती तिरकी करणं. चहा होईपर्यंत मंजिरी ती सरळ करायची. सोफ्यावर मी उलट्या बाजूला बसायला लागलो. हेमंत कठड्यावर दिसला की मला वाटायचं, हा आता दोन मिनिटांत अजून काहीतरी काढणार. आणि तो काढायचाच. खेकड्याचा तेजोमेघ, घोड्याच्या तोंडाचा तेजोमेघ, रोज एक. मग फोन करून विचारायचा, "जव्या, आज तुझं काय?"

"तोच गुलाब."

"अजून?"

'अजून' हा शब्द इतका लांब असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

यंत्राला ते कसं जमतं, हेही त्यानंच मला समजावून सांगितलं. चष्मेवाल्याला, पाटबंधारेवाल्यानं! "अरे, सोपं आहे. पूर्वी गावजेवणाला घरटी मूठभर तांदूळ गोळा करायचे की नाही? तसं. जगातली सगळी नभा एकमेकांना जोडलेली. प्रत्येकाचा दोन मिनिटांचा प्रकाश एका ठिकाणी जमतो. तेजोमेघ काही आज एक आणि उद्या दुसरा नसतो. कालचा प्रकाश आजही चालतो. मी माझी मूठ टाकली, की सगळ्या गावाचा भात माझ्या पानात!"

"म्हणजे लोकांच्या तांदळावर जेवतोस."

"जेवतो की. छान लागतो."

मग आमच्याकडे हळदीकुंकू झालं. तीस-पस्तीस बायका हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात वाटाण्याची उसळ हलवत. दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

"अगबाई, कित्ती सुंदर! हे आकाशात आहे?"

"समोरच्या अष्टपुत्र्यांनी काढलंय. दोन मिनिटांत."

"मग तुमचे हे चार वर्षं वर काय करतात?"

"ते प्रकाश गोळा करतात," मंजिरी म्हणाली. पुढचं हसण्यात बुडालं. मी उसळ जरा जास्तच हलवली.

तेवढ्यात जोगमाईंचा आवाज आला. त्यांनी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. आता पंच्याऐंशीच्या आहेत, पण काटकोन नसलेली गोष्ट अजून त्यांच्या डोळ्यांत खुपते. "चित्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण तारे लंगडे आहेत. सहा किरणं आहेत ना प्रत्येकाला? त्यातली एक जोडी तिरपी पडलीय. साठ-साठ अंश नाहीत."

मी डाव जागच्या जागी ठेवला. पंधरा दिवसांत माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं गोड वाक्य होतं. यंत्रात खोट! हेमंतच्या यंत्रात!

बायका गेल्यावर मी दुकानातलं जुनं भिंग शोधून काढलं, कोनमापक घेतला आणि सोफ्यावर चढलो. एक, दोन, तीन... प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला सहा किरणं. आणि खरोखरच एक जोडी दहा अंशांनी कललेली. मला इतका आनंद झाला, की मी सोफ्यावर एक छोटी उडी मारली. ताऱ्यांना अशी किरणं का फुटतात, हे मला नीट माहीत होतं. दुर्बिणीच्या तोंडाशी ज्या पट्ट्या असतात, त्यांच्या कडांवरून प्रकाश वळतो आणि प्रत्येक पट्टीमागं किरणांची एक जोडी उमटते. तीन पट्ट्या, तीन जोड्या. एक पट्टी चुकीच्या जागी बसली, तर तिची जोडी तिरपी. कारखान्यात कुणा गाढवानं ती पट्टी...

उडी मारून झाली होती. मी सोफ्यावर तसाच उभा राहिलो.

थर्मासएवढ्या नभाच्या तोंडाशी नुसती काच असते. पट्टी नसतेच.

मी दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो आणि कोठीच्या तोंडात कोनमापक धरला. दहा अंश.

मग आठवलं. रात्री काढलेले फोटो एकमेकांवर नीट बसवायला मी एक फुकटचं ॲप वापरायचो. पहिल्या दिवशी त्यानं काहीतरी बारीक अक्षरांत दाखवलं होतं, खालून मंजिरी "पान वाढलंय" म्हणून हाक मारत होती, आणि मी 'मान्य आहे' दाबून जेवायला गेलो होतो. चार हिवाळ्यांचा माझा सगळा प्रकाश त्या ॲपमधून नभाच्या गावजेवणात गेला होता.

म्हणजे पंधरा दिवस मी माझ्याच चित्रावर जळत होतो!

पहिला विचार: मंजिरीला हाक मारायची. हात धरून तिला सोफ्यावर चढवायची आणि म्हणायचं, बघ, हा गुलाब माझा! मी "अगं" म्हणत जिना अर्धा उतरलोही. आणि तिथं थांबलो. गुलाब माझा, तर खिळ्यावर लागलेलं चित्र माझं. चित्र माझं, तर कोठी तिची. ती उद्या सकाळी आरसा काढून घेईल, कोठी घासूनपुसून उन्हात ठेवेल आणि परवा त्यात तांदूळ असेल.

"काय हो? हाक मारलीत?"

"उसळीला मीठ कमी होतं म्हणून सांगत होतो."

मी उलट दिशेनं, थेट हेमंतच्या घरी गेलो. खात्री तर करून घ्यायला हवी. तो बाल्कनीत खुर्ची टाकून बसला होता. यंत्र खोक्यात होतं.

"विचार त्याला," मी म्हणालो. "त्या गुलाबात कुणाकुणाचा किती प्रकाश आहे?"

हेमंतनं यंत्र बाहेर काढून विचारलं. नभाचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ. "ह्या चित्रात एकतीस हजार दोनशे सहा दुर्बिणींचा प्रकाश आहे. सर्वांत मोठा वाटा एकाच दुर्बिणीचा आहे. आरसा आठ इंची, नळी घरगुती, ठिकाण मिरज. एकूण एकशे एकाहत्तर तास. बहात्तर टक्के. नाव गोपनीय आहे."

"आणि माझा?" हेमंतनं विचारलं.

"तुमचा वाटा टक्क्याच्या हजाराव्या भागापेक्षा थोडा कमी आहे. सहभागाबद्दल धन्यवाद."

खाली पाणीपुरीवाल्यानं घंटा वाजवली. हेमंत माझ्याकडे वळला.

"म्हणजे जव्या, मी तुला तुझंच चित्र भेट दिलं? वर तिळगूळ खाऊ घातला?"

"आणि मी रंग भडक आहे म्हणालो."

"थांब." तो उठला आणि चपला शोधायला लागला. हेमंतचा स्वभाव हा असा; चांगुलपणा अंगात आला की त्याला आवरत नाही. "आत्ताच्या आत्ता वहिनींना सांगतो. चित्र तुझं आहे. आपल्या आकाशमित्र मंडळाच्या प्रदर्शनातही तुझंच नाव लावू."

मी दारात आडवा उभा राहिलो. "हेम्या, पाया पडतो, सांगू नकोस! चित्र तुझंच आहे."

"अरे, पण बहात्तर टक्के—"

"कोठी, हेम्या. कोठी!"

त्याला समजायला एक क्षण लागला. मग तो खाली बसला. ह्या वेळी मात्र हसला नाही.

"हे चित्र तू दुसऱ्याच हिवाळ्यात लावू शकला असतास की," तो म्हणाला. "दाणेबिणे सगळं खोटं."

"थोडे होते," मी म्हणालो.

"मला वाटलंच. मी काय करतो माहितेय? साडेसातला ह्याला विचारतो, सात बत्तीसला चित्र हातात. मग दहापर्यंत काय करायचं? इथं बसून तुझ्या गच्चीवरचा तांबडा दिवा बघतो. फोन करून 'आज तुझं काय' म्हणून विचारतो आणि तू 'तोच गुलाब' म्हणतोस, तेव्हा असं वाटतं की खाली जाऊन तुझी वीज तोडावी." तो यंत्र पुन्हा खोक्यात ठेवायला लागला. "गप्प बसतो. पण माझी एक अट आहे. उद्यापासून गच्चीवर माझी पण खुर्ची."

मी विचार करायला वेळ मागितला. त्यानं पुन्हा चपलेत पाय घातला. मी हो म्हणालो.

फेब्रुवारीत आमच्या आकाशमित्र मंडळाचं प्रदर्शन झालं. पहिला क्रमांक, फिरती ढाल, श्री. हेमंत अष्टपुत्रे. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या. बहात्तर टक्के टाळ्या माझ्याच होत्या, पण त्या दुसऱ्यासाठी वाजवताना तळहात वेगळेच चुरचुरतात. हेमंत ढाल घेताना माझ्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. उत्तरादाखल तो म्हणाला, "ह्यात माझं फारसं काही नाही." लोकांना तो विनय वाटला. त्या विनयाबद्दल त्याला वेगळ्या टाळ्या मिळाल्या. त्या मात्र मी नाही वाजवल्या. सहन करण्यालाही एक सीमा असते.

घरी आल्यावर मी सोफ्यावर बसलो. उलट्या बाजूला. मंजिरी तंबोऱ्याच्या तारा पुसत होती.

"भावजींना ढाल मिळाली म्हणे."

"मिळाली."

"मग तुमचं तोंड का असं? त्यांचंच चित्र आहे ना?"

"त्यांचंच."

"नक्की?"

"नक्की."

तिनं फडकं खाली ठेवलं. "भोक पाडताना कोठी कुणी धरली होती?"

मी चित्राकडे बघितलं नाही. चित्राकडे न बघणं त्या क्षणी फार अवघड होतं.

"जोडावर नको म्हणून कुणी सांगितलं? बोटभर बाजूला घ्या म्हणून? वर गच्चीत चहा घेऊन येते तेव्हा तुमच्या त्या पडद्यावर लंगडे तारे मी चार वर्षं बघतेय. संक्रांतीला चौकट हातात घेतली, तेव्हाच ओळखलं. जोगमाईंना पंधरा दिवसांनी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कोठी परत घ्यावी लागली असती."

"तुझीच आहे. तुला नकोय?"

मंजिरीनं तंबोरा मांडीवर घेतला. "कोठी परत आली, की तिच्याबरोबर तुम्हीही खाली याल. सात ते दहा. मी गायला बसणार, तुम्ही इथं समोर बसणार आणि चुकीच्या जागी 'वा' म्हणणार. पहिल्या वर्षी पावसाळ्यात काय झालं होतं, आठवतंय ना? तानेच्या मध्येच उठून टाळ्या." तिनं एक तार छेडली. "तांदूळ डब्यात चांगला आहे. चित्र हेमंतभावजींचं आहे. साडेसहा वाजले, भावजी खुर्ची घेऊन जिन्यात येऊन उभे आहेत मघापासून. जा वर."

मी उठलो. जाताना सवयीनं चौकटीला बोट लावलं आणि ती तिरकी केली. दहा अंश. ताऱ्यांची ती तिरपी जोडी आता बरोबर उभी राहिली आणि बाकीच्या दोन लंगड्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बघितलं. तिनं ती सरळ केली नव्हती.